भरली टाकी, उपाशी इंजिन

टाकीत पेट्रोल आहे. प्लगला ठिणगी आहे. दोरी ओढली की मोटार सुरूही होते. मग नाव काठापासून शंभर हात आत गेल्यावरच ती बंद का पडते?

नदीकाठच्या गावांत हा प्रश्न वर्षातून एखाद्याच दिवशी विचारला जातो, आणि तो दिवस नेमका पुराचा असतो. आदिलाबाद जिल्ह्याची उत्तरेकडची हद्द पैनगंगेने आखली आहे. पलीकडच्या काठाला महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. मराठी मात्र दोन्ही काठांवर बोलली जाते. उन्हाळ्यात पात्रात वाळू आणि डबकी उरतात, नावेची आठवणही कुणाला येत नाही. जुलै २०२३ मध्ये याच नदीचं पाणी डोलारा गावाजवळच्या पुलापर्यंत चढलं आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावरची वाहतूक थांबवावी लागली. त्याच पावसात वरच्या अंगाला, यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यात, आनंदनगर तांड्यावर ४५ माणसं पाण्यात अडकली. हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. अशा वेळी गोदामातून रबरी बोटी निघतात, त्यांच्या मागच्या फळीला मोटारी कसल्या जातात, आणि वर्षभर झाकून ठेवलेल्या त्या मोटारीने पहिल्या दोरीला साथ द्यावी अशी सगळ्यांची अपेक्षा असते.

मालवणच्या किनाऱ्यावर रोज समुद्रात जाणारी मोटार वापराने झिजते. पुरासाठी राखून ठेवलेली मोटार वापराविना बिघडते. या प्रकरणात दुसऱ्या प्रकारच्या मोटारीचं दुखणं पाहायचं आहे, आणि त्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इंधनाच्या वाटेवर सापडतं.

१. जुनी म्हणजे कोणती?

आउटबोर्ड म्हणजे नावेच्या पोटात न बसवता बाहेरून, मागच्या फळीला अडकवलेली मोटार. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, खाली पाण्यात पंखा. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९०९ मध्ये अशी मोटार बाजारात आणली. प्रेयसीसाठी आइस्क्रीम आणायला तो तळ्यावर वल्हं मारत गेला, परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळलं आणि त्यातून ही कल्पना सुचली, असं सांगतात. गोष्ट खरी असो वा रंगवलेली, त्याचं नाव मोटारींवर शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलं. मे २०२० मध्ये त्या नावाच्या मोटारी बनणं थांबलं.

इथे जुनी मोटार म्हणजे कार्बोरेटरवर चालणारी टू-स्ट्रोक मोटार. तिच्यात संगणक नाही, सेन्सर नाही. त्यामुळे तिचा कुठलाही आजार डोळ्यांनी, कानांनी आणि दोन बोटांनी ओळखता येतो. नव्या मोटारीला ही सोय नाही.

टू-स्ट्रोकची एक गोष्ट आधी पक्की करून घ्यावी. चारचाकीच्या इंजिनात तेल वेगळं फिरतं आणि पेट्रोल वेगळं. या जुन्या मोटारीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. प्रमाण साधारण ५० ला १, म्हणजे २५ लिटर पेट्रोलला अर्धा लिटर टू-स्ट्रोक तेल. (काही जुन्या मोटारी याहून अधिक तेल मागतात, पुस्तिकेत लिहिलेलं प्रमाण शेवटचं.) आता याचा परिणाम पाहा. पेट्रोल कमी पोचलं की तेलही कमी पोचतं. इंजिनाला अन्न आणि वंगण एकाच नळीतून मिळत असल्यामुळे उपाशी मोटार नुसती कुरकुरत नाही, ती आतून कोरडी पडते, तापते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. ‘थोडी मिसिंग करते, पण चालते ना’ म्हणून तशीच पळवलेली मोटार सीझ होते ती अशी.

२. वरची टाकी, खालची टाकी

आदिलाबादच्या कुठल्याही गॅरेजमधला मिस्त्री मोटारसायकलचा कार्बोरेटर डोळे मिटून खोलतो. तरी नावेची मोटार त्याला चकवते. कारण टाकीच्या जागेत आहे.

जुन्या मोटारसायकलची टाकी कार्बोरेटरच्या वर असते. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरतं, गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी यावं तसं. पाइपला चीर गेली तर पेट्रोल बाहेर ठिबकतं, वास येतो, जमिनीवर डाग पडतो. दोष आपण होऊन दिसतो.

नावेत टाकी तळाशी ठेवलेली असते आणि इंजिन तिच्यापेक्षा वर. इथे पेट्रोल उतरत नाही, ते ओढून घ्यावं लागतं. शहाळ्यातलं पाणी नळीने ओढताना नळीला मध्येच चीर असली तर काय होतं? पाणी बाहेर सांडत नाही. हवा आत येते, तोंडात बुडबुडे येतात आणि शहाळं भरलेलं असूनही माणूस तहानलेला राहतो. नावेच्या पाइपचं नेमकं असंच आहे. गळती आतल्या बाजूला होते. ना थेंब, ना वास, ना डाग. मिस्त्री कोरडा पाइप पाहून तो ठीक असल्याचा निर्वाळा देतो आणि कार्बोरेटर खोलायला बसतो.

३. मिनिटाला दोन कटिंग

दुसरा गोंधळ लक्षणांचा आहे. मोटार काठावर सावकाश छान चालते, जोर दिला की मरते. पेट्रोल येत नसेल तर ती सावकाश तरी कशी चालते?

हिशेब करून पाहू. २५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक मोटार पूर्ण वेगात तासाला ढोबळमानाने १० लिटर पेट्रोल पिते. साठाने भागलं तर मिनिटाला सुमारे १६५ मिली, म्हणजे टपरीवरचे जवळजवळ दोन कटिंग चहा. तीच मोटार नुसती घुरघुरत उभी असेल तर तासाला लिटरभर पुरतं. मिनिटाला १६-१७ मिली, एक मोठा चमचा. गाळणीत कचरा साचून वाट इतकी अरुंद झाली की मिनिटाला फक्त अर्धा कटिंग जाऊ शकतो, तरी चमचाभर मागणारं इंजिन खुशीत चालेल. दोन कटिंग मागितले की उपासमार सुरू. म्हणून काठावर घेतलेली चाचणी फसवी असते. मोटार पाण्यात, वजनासकट, पूर्ण जोरात चालवल्याशिवाय निकाल देऊ नये.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट हाती लागते. कार्बोरेटरच्या तळाशी एक वाटी असते, तिच्यात थोडं पेट्रोल नेहमी साठलेलं असतं. समजा त्यात ५० मिली मावतं. मागून पुरवठा पूर्ण बंद झाला, तर पूर्ण जोरात ही वाटी १८ सेकंदांत रिकामी होईल आणि सावकाश चालताना तीन मिनिटांत. म्हणजे मोटार सुरू होऊन जोरात निघाली आणि वीस सेकंदांत गपकन मेली, तर तिने फक्त वाटीतलं पेट्रोल संपवलं. मागून काहीच आलं नाही. अडथळा वाटीच्या आधी आहे. याउलट ती मरत नाही, पण जोरही धरत नाही, रडत चालत राहते, तेव्हा थोडं पेट्रोल येतंय पण पुरेसं नाही. घड्याळ हे या कामातलं सर्वांत स्वस्त हत्यार आहे, आणि ते फार कमी लोक वापरतात.

४. उपासमारच आहे ना?

पाइपला हात लावण्याआधी खात्री हवी. गरम झालेली इग्निशन कॉइलही वीस मिनिटांनी दगा देते आणि बाहेरून लक्षण हुबेहूब पेट्रोल संपल्यासारखं दिसतं.

मोटार मरताच, थंड व्हायच्या आत, प्लग काढून पाहावा. टोक कोरडं आणि पांढुरकं असेल तर पेट्रोल कमी पडतंय. ओलं आणि काळं असेल तर पेट्रोल आलंय पण जळलं नाही. मग वायर आणि कॉइलकडे वळावं. दुसरी खूण चोकची. चोक म्हणजे कार्बोरेटरच्या तोंडावरची झडप. ती मिटली की हवा कमी जाते आणि मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं. मोटार दम सोडायला लागली असताना चोक अर्धा ओढला आणि ती क्षणभर सावरली, तर निदान झालं. चांगल्या इंजिनाला चोकने त्रास व्हायला हवा. ज्याला आराम पडतो ते उपाशी आहे.

५. बल्बची नाडी

टाकी आणि मोटार यांच्यामधल्या पाइपवर एक रबरी बल्ब असतो, डॉक्टरांच्या बीपीच्या यंत्राला असतो तसाच. त्याच्या दोन टोकांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा आहेत. दाबला की पेट्रोल मोटारीकडे जातं, सोडला की टाकीतून ओढलं जातं. त्याच्यावर बाण कोरलेला असतो; बाण मोटारीकडे हवा. दाबताना बल्ब उभा धरावा, बाणाचं टोक वर, म्हणजे झडपा आपल्या जागी बसतात. सात-आठ वेळा दाबल्यावर तो टणक व्हायला हवा.

बहुतेकांच्या लेखी हा बल्ब म्हणजे मोटार सुरू करायचं साधन. त्याचा खरा उपयोग वैद्याच्या नाडीसारखा आहे. सगळ्या पाइपाची हालत तो बोटांना सांगतो, फक्त मोटार चालू असताना एकाने तो हातात धरून बसायला हवं.

चालता चालता बल्ब आत ओढला जाऊन चपटा झाला, तर अडथळा त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. पंप ओढतोय, मागून येत नाही. पहिला संशय टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूवर घ्यावा. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडखळते. दुसरं भोक पाडलं की सरळ पडते. टाकीचंही तसंच आहे. पेट्रोल बाहेर जायचं तर तितकी हवा आत यायला हवी. वाहतुकीत सांडू नये म्हणून बंद केलेला हा स्क्रू घाईत उघडायचाच राहतो. मोटार पाच-दहा मिनिटं चालते आणि मरते; झाकण फिरवताच ‘फुस्स’ आवाज होतो आणि मोटार पुन्हा सुरू. मिस्त्रीची फी वाचली. स्क्रू उघडा असूनही बल्ब चपटा होत असेल तर टाकीतल्या ओढनळीच्या टोकाची जाळी पाहावी. आणि मग पाइप. जुन्या पाइपचं आतलं अस्तर सुटून आत लोंबतं. बाहेरून पाइप नवा दिसतो, आत मात्र त्याची झडप झालेली असते. फुंकून पाहिलं तर वाट मोकळी वाटते, कारण दाबाने अस्तर बाजूला होतं आणि ओढीने मिटतं. असा पाइप दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

बल्ब टणकच राहिला आणि तरी मोटार उपाशी, तर अडथळा पुढे आहे. म्हणजे जोडणी, इंजिनावरची गाळणी, किंवा कार्बोरेटरची चिकटलेली सुई.

तिसरी अवस्था सर्वांत जास्त भेटते आणि सर्वांत जास्त छळते. कितीही दाबा, बल्ब टणक होतच नाही. आधी कार्बोरेटरकडे पाहावं: तिथून पेट्रोल ओघळत असेल तर सुई उघडी अडकली आहे. सगळं कोरडं असेल तर हवा शिरतेय किंवा बल्बच्या झडपा गेल्या आहेत. हवा शिरण्याचं नेहमीचं ठिकाण म्हणजे पाइप मोटारीला जोडायची खटक्याची जोडणी. तिच्यात हरभऱ्याच्या दाण्याएवढी रबरी रिंग असते. दोन-चार उन्हाळे काढल्यावर ती कडक होते, तडकते. पाइपवर क्लिपऐवजी तार गुंडाळलेली असेल तर तिथेही हवा शिरते. खात्री करायला पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक, पेट्रोलला टिकणारी नळी तात्पुरती बसवावी. बुडबुड्यांची माळ दिसली की वाद मिटला.

या सगळ्यावर एक सोपा उतारा आहे आणि शहाणे मिस्त्री तो आधीच करतात. दुसऱ्या चालत्या बोटीची टाकी, बल्ब आणि पाइप अख्खाच्या अख्खा आणून लावायचा. मोटार सुधारली तर दोष जुन्या टाकी-पाइपात. नाही सुधारली तर इंजिनावर. अर्धं घर पाच मिनिटांत शोधून झालं.

६. पडद्याचा पंप

इंजिनावरचा पेट्रोल पंप तळहाताएवढा असतो. त्यात चाक नाही, वीज नाही. पिस्टन वर-खाली होताना क्रँककेसमध्ये हवेचा दाब कमी-जास्त होतो आणि त्या ठोक्यावर एक पातळ पडदा, म्हणजे डायफ्रॅम, लोहाराच्या भात्यासारखा हलतो. हाच भाता पेट्रोल ओढतो.

मोटार मरायला लागली असताना कुणीतरी बल्ब दाबत राहिलं आणि मोटारीने पुन्हा जोर धरला, तर हाताने पंपाचं काम केलं. टाकी-पाइप आधीच निर्दोष ठरले असतील तर पडदा कडक झाला आहे किंवा फाटला आहे. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये झिरपतं, त्यामुळे पंप ज्या सिलिंडरला जोडलेला असतो त्याचा प्लग ओला आणि धूर जास्त. पडद्याचा संच मिळतो आणि तो बसवणं फार अवघड नाही.

७. कार्बोरेटर शेवटी

घरात नळाला पाणी आलं नाही तर कुणी आधी नळ उखडत नाही. गच्चीवर जाऊन टाकी पाहतो. मोटारीच्या बाबतीत मात्र पहिला पाना कार्बोरेटरवरच चालतो. ही सवय मोडायला हवी. टाकी, पाइप, गाळणी, पंप या क्रमाने येत शेवटी इथे पोचावं.

वाटीतलं पेट्रोल किती असावं हे एक तरंगता फ्लोट ठरवतो, पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखा. पातळी चढली की तो सुई वर ढकलतो आणि वाट बंद होते. वाटीतून पेट्रोल बारीक भोकांच्या पितळी तोट्यांमधून, म्हणजे जेटमधून, हवेच्या झोतात ओढलं जातं. पूर्ण जोराचा जेट मोठा, सावकाश चालण्याचा अगदी केसाएवढा. पेट्रोल महिनोन्महिने उभं राहिलं की त्यातला उडणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट पिवळा थर राहतो. केसाएवढं भोक त्याने आधी बुजतं. म्हणून साठवणीतल्या मोटारीची एक खास खूण असते: ती जोरात चालते, पण हळू केलं की विझते. आधी सांगितलेल्या लक्षणाच्या बरोबर उलट. दोन्ही नीट लक्षात ठेवली तर अर्धं निदान बोट पाण्यात असतानाच होतं.

कापूस पिकवणाऱ्या घरांत हे दुखणं ओळखीचं आहे. गेल्या हंगामात पेट्रोलसकट ठेवलेला फवारणीचा पॉवर पंप नव्या हंगामात फक्त चोकवर चालतो, तो याच कारणाने.

जेट तारेने टोकरू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग कुठलंही प्रमाण जुळत नाही. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून दाबाच्या हवेने फुंकावं. हे काम उघड्यावर करावं, विडी-काडीपासून लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते. मोटार काठावर सुरू करायचीच तर तिचा खालचा भाग पिंपातल्या पाण्यात बुडवून करावी, नाहीतर इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी चक्र पाहता पाहता जळतं.

८. नव्या पेट्रोलची नवी अडचण

मोटार जुनी आहे, पेट्रोल मात्र जुनं राहिलेलं नाही. भारतातल्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण जून २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलं, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं मिश्रण पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ मध्ये तेच सर्वत्र झालं. उसाच्या पट्ट्याला ते हवंच आहे. जुन्या आउटबोर्डची तक्रार वेगळी आहे.

एक किलो शुद्ध पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. २० टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. जेटचं भोक मात्र जुन्या हिशेबाचं. म्हणजे काहीच बिघडलेलं नसतानाही इंजिनाला आठ-नऊ टक्के कमी पोचतं. त्यात जुन्या मोटारींचे रबरी पाइप, पडदे आणि रिंगा इथेनॉलसाठी बनलेल्याच नव्हत्या. त्या फुगतात, मऊ पडतात, मग तडकतात. तिसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. पाणी हद्दीबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळी होतात आणि तळाशी बसतात. ओढनळीचं तोंड तळाशीच असतं.

तपासायची रीत साधी आहे. खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घ्यावं, हलवून स्थिर होऊ द्यावं. इथेनॉल नसेल तर खालचा थर १० वरच राहतो. २० टक्के असेल तर तो २८ च्या आसपास चढतो, कारण ९० मिलीतलं १८ मिली इथेनॉल पाण्याला जाऊन मिळतं.

यावर उपाय म्हणून जुन्या मोटारीचे सगळे पाइप, बल्ब आणि पडदे इथेनॉलला टिकणारे घालावेत, पाणी वेगळं करणारी गाळणी बसवावी आणि मिश्रण महिन्याभराच्या वर ठेवू नये. मोठा जेट घालण्याचं काम मात्र जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं.

९. मे महिन्यातला अर्धा दिवस

पावसाळा सरला की टाकी रिकामी करून वाळवावी. उरलेलं मिश्रण दुसऱ्या टू-स्ट्रोक यंत्रात, त्याचं प्रमाण पाहून, संपवावं. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू उघडून ती कोरडी करावी. पाइप मोटारीपासून सोडवून सावलीत टांगावा, कारण उन्हात रबर फार लवकर मरतं. टाकीवर पेट्रोल भरल्याची तारीख रंगाने लिहावी.

आदिलाबादला मोसमी पाऊस जूनच्या मध्याला गाठतो. त्याआधी, मेच्या अखेरीस, ताजं मिश्रण भरून, नवी रिंग घालून, बल्ब हातात धरून ही मोटार एखाद्या तलावात अर्धा तास पूर्ण जोरात चालवावी, बोटीत चार माणसांचं वजन घेऊन. पिंपातली पाच मिनिटं चाचणी म्हणून धरू नयेत.